वाडीतल्या सॉकेटला कॅम्परव्हॅन जोडण्याआधी : शून्य व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त झालो होतो

भटकी_गाडी

गेल्या एप्रिलमध्ये गुहागरच्या खाली, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत आमच्या मुलीला गाडीच्या दाराचा शॉक बसला. ती ठणठणीत आहे, हे आधीच सांगतो. धागा काढतोय कारण कोकणात गाडी घेऊन मुक्कामाला जाणारी कुटुंबं वाढली आहेत, आणि बरेच जण माझ्यासारखंच करत असणार. मिळेल त्या सॉकेटमध्ये पिन टॉप (तीन पिनांचा प्लग) घालायचा, गाडीत दिवा लागला की झालं.

आमची डिझेल व्हॅन आहे. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, टपावर सोलर. बाहेरची लाइट मिळाली तर चार्जर, टेबल पंखा आणि 1500 वॉटची किटली तिच्यावर चालते. होमस्टेच्या काकांनी शेडमधला 16 अँपिअरचा सॉकेट दिला. त्याच शेडमध्ये त्यांचा मासळीचा डीप फ्रीजर होता. मी अगदी आंधळेपणानं जोडलं असंही नाही. तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर लावला, त्यानं सगळं बरोबर दाखवलं. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल 226, फेज-अर्थ 226, न्यूट्रल-अर्थ 0.0. तो शून्य पाहून मला बरं वाटलं होतं.

रात्री आठच्या सुमारास किटलीत पाणी ठेवलं आणि दोन मिनिटांत गाडीतली लाइट गेली. शेडमधला दिवाही गेला. काकांच्या ओटीवर मात्र दिवा होता, त्यामुळे शेडचा फ्यूज उडाला असेल असं वाटलं. मुलगी हौदावर पाय धुवायला गेली होती. ती अनवाणी, ओल्या पायांनी परत आली आणि दाराची कडी धरली. किंचाळली आणि मागे वाळूत पडली. पडली म्हणून कडी सुटली, हे मला नंतर कळलं.

मी त्या वेळी गाडीच्या आत उभा होतो आणि मला काहीही जाणवलं नव्हतं. मुलीकडे धावत उतरणार, तेवढ्यात बायको ओरडली, "पत्र्याला हात लावू नकोस." मी दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारली आणि काकांना मेन स्विच पाडायला सांगितलं. गुहागरला डॉक्टरांनी इसीजी काढला, तो नॉर्मल आला. बोटं मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत बधिर होती.

सकाळी वायरमन आल्यावर सॉकेट उघडला. अर्थची वायर आलेलीच नव्हती. अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलपर्यंत काळ्या वायरीचा दोन इंचांचा जंपर होता. शेडकडे येणाऱ्या न्यूट्रलचा जॉइंट म्हणजे तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची वायर नुसती एकत्र पिळून वर टेप. टेप सोडली तर आत पांढरी पूड. खाऱ्या हवेनं तो जॉइंट आतून खाल्ला होता, किटलीच्या करंटनं उरलेला धागा तुटला.

माझा प्रश्न असा : गाडीत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आहे, तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबतो. मुलीला शॉक बसला तरी ही आरसीसीबी पडली नाही, म्हणजे तिनं लाइट तोडली नाही. का?


दर्यावर्दी

वाचताना पोटात गोळा आला हो. लेक सुखरूप आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलंत ते बरं केलंत.

माझीही आरसीसीबीबद्दल हीच समजूत होती, की ती असली म्हणजे माणूस वाचतो. आम्ही डिसेंबरात आंजर्ले, केळशी, वेळास करतो आणि दर वेळी अशाच शेडमधल्या सॉकेटवर गाडी लावतो. जाणकारांच्या उत्तराची वाट बघतोय.


जांभा

इलेक्ट्रिकलमध्ये माझी पस्तीस वर्षं गेली, बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात. सविस्तर लिहितो.

आरसीसीबी एकच गोष्ट बघते : फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का. फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोचला की ती तोडते. तुमच्या गाडीत काय झालं ते वायर धरून बघा. फेज आरसीसीबीतून आत आला, किटलीतून गेला, न्यूट्रलवर आला आणि आरसीसीबीतूनच बाहेर पडला. जितका गेला तितका परत आला, तिच्या लेखी हिशोब चोख. पुढे सॉकेटपाशी न्यूट्रल तुटलेला. मग करंट जंपरवरून अर्थच्या पिनेत शिरला, हिरव्या वायरीनं गाडीच्या पत्र्यावर आला आणि मुलीच्या अंगातून जमिनीत गेला. ही हिरवी वायर आरसीसीबीतून जातच नाही. त्यामुळे आरसीसीबीला काही दिसलं नाही आणि ती पडली असती तरी तिनं अर्थ तोडला नसता. शिवाय त्याच न्यूट्रलवर शेडमधला फ्रीजर होता. तुमची गाडी पूर्ण बंद असती तरी फ्रीजरमधून फेज त्या न्यूट्रलवर, तिथून जंपरवर आणि पत्र्यावर आलाच असता.

तुम्हाला आत काही जाणवलं नाही, कारण आतली प्रत्येक वस्तू पत्र्याबरोबर सारख्याच व्होल्टेजवर होती. पक्षी तारेवर बसतो तसं. धोका आहे तो एक पाय गाडीत आणि एक जमिनीवर असतो तेव्हा. तुम्ही पाय जुळवून उडी मारलीत, तेच योग्य.

आता त्या शून्याबद्दल. न्यूट्रलमधून करंट वाहत असताना त्याच्या लांबीत थोडं व्होल्टेज पडतंच. 1.5 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम. 30 मीटरला 0.36 ओहम. किटलीचे साडेसहा अँपिअर गेले की तिथेच 2.3 ते 2.4 व्होल्ट दिसायला हवेत. म्हणून न्यूट्रल-अर्थ मोजायचं ते किटली चालू ठेवून. एक ते तीन व्होल्ट आले तर ठीक. दहा-पंधरा आले तर न्यूट्रलचा जॉइंट खराब किंवा अर्थ कच्चा. आणि किटली चालू असूनही अगदी 0.0 आले तर सॉकेटमध्ये जंपर आहे असं धरून चाला. बिनलोडच्या शून्याला काही अर्थ नाही, आणि प्लग-टेस्टरच्या तीन दिव्यांना तर जंपर ओळखताच येत नाही. त्यांच्या दृष्टीनं अर्थ आणि न्यूट्रल दोन्ही जागेवर असतात.

हा जंपर आपल्याकडे वाईट हेतूनं कोणी मारत नाही. गिऱ्हाइकानं तक्रार केली की मिक्सरला करंट येतो, अर्थ पिट, म्हणजे अर्थसाठीचा खड्डा, खणायचा तर जांभ्यात सुरुंग लावावा लागेल, मग हा सोपा उपाय. पण त्यात एका जॉइंटवर माणसाचा जीव टांगलेला राहतो.

याच कारणासाठी ब्रिटनमध्ये वीजपुरवठ्याच्या 2002 च्या नियमांत, न्यूट्रलशी जोडलेला अर्थ कॅराव्हॅनच्या पत्र्याला द्यायला मनाई आहे. तिथे पुरवठा कंपनीचाच न्यूट्रल अर्थ म्हणून घरांना देण्याची पद्धत आहे, ती घराला चालते. कॅराव्हॅनला नाही, कारण घराच्या आत माणूस आणि भिंती एकाच व्होल्टेजवर असतात. कॅराव्हॅनचा माणूस ओल्या गवतावर उभा राहून पत्र्याला हात लावतो.


शिडाची_होडी

मग सरळ अर्थची पिन कापून टाकली तर? पत्र्यावर करंट येण्याची वाटच बंद. माझ्या एका मित्रानं तसंच केलंय आणि तीन वर्षं काही झालं नाही.


जांभा

कृपया असं करू नका, आणि मित्रालाही आजच सांगा.

पिन कापली की दुसऱ्या बाजूनं संकट येतं. चार्जर, लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर, टीव्ही यांच्या आत फेज-न्यूट्रलपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की त्यांच्यामुळे गाडीचा पत्रा साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, शंभर-सव्वाशेवर तरंगतो. हात फिरवला की झिणझिण्या येतात, टेस्टर पेटतो. हा करंट फार थोडा असतो, पण किटलीच्या कॉइलचं इन्सुलेशन गेलं की तोच पत्रा थेट 230 वर जातो. अर्थ असता तर आरसीसीबी त्या क्षणी पडली असती. अर्थ नाही म्हटल्यावर ती वाट बघते, कोणीतरी हात लावेपर्यंत. गाडी रबरी टायरवर उभी आहे, जमिनीशी तिचा दुसरा संबंधच नाही.

अर्थ हवाच. प्रश्न इतकाच आहे की तो कोणाचा घ्यायचा.


पोफळवाडी

मी दिवेआगरला होमस्टे चालवतो. वाडीत तंबूंची जागा आहे आणि गाड्यांसाठी तीन पॉइंट आहेत. भटकी_गाडी, तुमचं लिहिलेलं काल रात्री बायकोला वाचून दाखवलं आणि सकाळी उठून तिन्ही बोर्ड उघडले. एकात जंपर निघाला. माझ्या वाडीत, माझ्या पाहुण्यांसाठी. दुपारपर्यंत जेवण गेलं नाही.

आमच्या बाजूचं थोडं सांगतो, सबब म्हणून नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं आत शिरलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, खांब पडले, आम्ही कित्येक आठवडे अंधारात होतो. नंतर लाइट आली तेव्हा ज्याला जी वायर मिळाली ती त्यानं जोडली. तात्पुरतं म्हणून केलेलं ते काम तसंच राहिलं. पुढच्या वर्षी राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्यांची विचारणा यायला लागली. आम्ही सॉकेट बाहेर काढून दिले. पिण्याचं पाणी, संडास-बाथरूम, सावली सगळ्याचा विचार केला. सॉकेटच्या मागे काय आहे याचा नाही केला.

जांभादादा, मला नीट करायचं आहे. आमच्याकडे वर वीतभर वाळूमिश्रित माती आणि शिपण्याची जागा. उन्हाळ्यात पाणी कमी पडतं. मीठ-कोळशाचा पिट करावा का? वायरमन म्हणतो दरवर्षी मीठ घालावं लागेल.


जांभा

तुमचं उत्तर वाचून बरं वाटलं. जंपर आजच काढा आणि तो पॉइंट तूर्त बंद ठेवा.

अर्थबद्दल एक हिशोब सांगतो, तो कळला की बाकीचं आपोआप सुचेल. समजा पिटचा रोध 50 ओहम आहे. जांभ्याच्या पट्ट्यात मे महिन्यात हे सहज होतं. गाडीत फेज पत्र्याला लागला तर 230 भागिले 50, म्हणजे 4.6 अँपिअर जमिनीत जातील. तुमची 16 अँपिअरची एमसीबी (फार जास्त करंट गेला की पडणारा स्विच) यानं कधीच पडणार नाही. पत्रा तासन्‌तास जिवंत राहील आणि मीटर पळत राहील. पण तिथे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर 4.6 अँपिअर हा तिच्या मर्यादेच्या दीडशे पट आहे, ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पडेल. अर्थ 500 ओहमचा असला तरी 460 मिलिअँपिअर जातात, तरीही पडेल. म्हणून कोकणात नुसत्या एमसीबीवर भरवसा ठेवून चालत नाही. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र आरसीसीबी द्या. तिन्हीला मिळून एक दिलीत तर एका गाडीची गळती तिघांना अंधारात बसवेल आणि मग कोणीतरी वैतागून ती बायपास करेल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पिट पोफळीच्या आळ्याजवळ घ्या, जिथे शिपण्याचं पाणी रोज मुरतं. मीठ किनाऱ्यावर टाळा, पाइप लवकर गंजतो. कोळसा आणि ओलावा पुरे, किंवा तयार मिळणारी बेंटोनाइट माती. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पिटपासून सॉकेटपर्यंत हिरवी वायर सलग यायला हवी, मध्ये पिळलेला जॉइंट नको. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे भेटतात तिथे बायमेटल लग, म्हणजे दोन्ही धातूंना चालणारा जोड, वापरा.

आणि पंप. शिपण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तुमचा पंप पॉइंटांच्याच वायरीवर असेल तर पाहुण्यांच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर रोज सकाळी त्रास काढतोय. पंपाला बोर्डापासून वेगळी वायर द्या.


सुरूबन

आमचा अनुभव वेगळा आहे, पण मुळाशी न्यूट्रलच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तारकर्लीच्या अलीकडे एका घराच्या अंगणात गाडी होती. घराला थ्री फेज. सगळे पाहुणे आलेले, एका फेजवर गिझर, दुसऱ्यावर नुसते आकाशकंदील आणि आमची गाडी. संध्याकाळी कंदील एकदम पांढरेफटक झाले. शेजारची आजी ओरडली, "लायट बघा कशी इली!" आणि पुढच्या क्षणी गाडीतून जळका वास. स्पाइक गार्डची पट्टी वितळली होती, चार्जर गेला, इन्व्हर्टरची इनपुट बाजू गेली. बॅटरी वाचली, ती नशिबानं. घराच्या मेन बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू सैल होता.

नंतर एका अभियंत्यानं गणित मांडून दाखवलं. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची उपकरणं एकापुढे एक येतात आणि त्यांच्यात 400 व्होल्ट वाटले जातात, कमी लोड असेल त्याच्या वाट्याला जास्त. एका बाजूला 1500 वॉटचं काही आणि दुसऱ्या बाजूला 100 वॉटचे कंदील असतील तर कंदिलांना जवळजवळ 375 व्होल्ट मिळतात. आमच्या चार्जरवर कमाल 264 लिहिलं होतं.

स्पाइक गार्डवर माझा फार विश्वास होता. तो विजेच्या कडकडाटातला क्षणभराचा झटका गिळतो. मिनिटभर चाललेले 375 त्याला गिळता येत नाहीत, तो स्वतःच पेटतो. आमच्या पट्टीखाली चटई होती.


अनिवासी_कोकणी

मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या अमेरिकेत. इथे कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला एक खांब असतो, त्यात 30 अँपिअरचा 120 व्होल्टचा आणि 50 अँपिअरचा 120/240 व्होल्टचा असे सॉकेट. खांब नेटके दिसतात, पण आत सैल स्क्रू आणि तुटके न्यूट्रल इथेही सापडतात. 50 अँपिअरच्या सॉकेटमध्ये दोन 120 च्या बाजू असतात, त्यांचा न्यूट्रल तुटला की सुरूबन यांनी सांगितलं तेच घडतं. 30 अँपिअरचा सॉकेट दिसायला कपडे वाळवायच्या यंत्राच्या 240 व्होल्टच्या जुन्या सॉकेटसारखा असतो, त्यामुळे घरी बसवून घेताना एखादा इलेक्ट्रिशियन चुकून त्यात 240 देतो आणि पहिल्याच दिवशी गाडीतलं सगळं जळतं.

म्हणून इथले अनुभवी लोक खांब आणि गाडी यांच्या मध्ये एक पेटी लावतात. ती आधी दोनेक मिनिटं नुसती बघत बसते : पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना), अर्थ, व्होल्टेज. 104 च्या खाली किंवा 132 च्या वर गेलं की तोडते. पटलं तरच गाडीला लाइट देते. या पेट्या कोणी कौतुकानं भारतात आणू नयेत, त्या 120 च्या आहेत, 230 वर चालणार नाहीत. तत्त्व मात्र घेण्यासारखं आहे.


दर्यावर्दी

भारतात ती पेटी कशी बनवायची हे कोणी सांगेल का? आणि जांभाकाका, "अर्थ कोणाचा घ्यायचा" हे अर्धंच राहिलं.


जांभा

दोन रस्ते आहेत.

पहिला : वाडीतून फक्त फेज आणि न्यूट्रल घ्यायचा, त्यांची अर्थची पिन पेटीपर्यंत येऊन थांबते, पुढे जात नाही. पेटीत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. गाडीच्या पत्र्याचा अर्थ स्वतःच्या सळईला. तांब्याचा मुलामा दिलेली मीटरभर सळई ओल्या मातीत ठोकायची, कोरड्या वाळूत नाही. मग सॉकेटमध्ये जंपर असो वा न्यूट्रल तुटो, पत्र्यावर काही येत नाही. वर पाचशे ओहमचा हिशोब दिला आहे, सळई ओबडधोबड असली तरी आरसीसीबी पडण्यापुरती ती भरपूर आहे. खात्री कशी करायची? जुना 15 वॉटचा फिलामेंटचा झिरो बल्ब, एलईडी नव्हे, आरसीसीबीच्या पुढचा फेज आणि सळई यांच्या मध्ये क्षणभर जोडायचा. त्यातून 65 मिलिअँपिअर जातात. आरसीसीबी पडली तर सळई कामाची. बल्ब मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर दुसरी ओली जागा शोधा. हे काम पूर्ण इन्सुलेट केलेल्या लीडनं आणि सळईला कोणाचा हात लागणार नाही हे बघून. वायरिंगची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या. टेस्ट बटण अर्थ तपासत नाही, ते फक्त आतली यंत्रणा तपासते.

दुसरा रस्ता मला स्वतःला जास्त आवडतो. गाडीला बाहेरची लाइट जोडायचीच नाही, जोडायचा फक्त चार्जर. तो दुहेरी इन्सुलेशनचा, चौकोनात चौकोन अशी खूण असलेला, दोन पिनांचा घ्यायचा. त्याला अर्थ लागतच नाही. त्याच्यातून 14.6 व्होल्टनं बॅटरी भरा आणि पंखा-फ्रिज बॅटरीवर, इन्व्हर्टरवर चालवा. वाडीतल्या वायरीचा आणि तुमच्या पत्र्याचा मग काहीच संबंध राहत नाही. 100 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जवळजवळ 1280 वॉट-अवर, रात्रभर पंखा आणि छोटा फ्रिज आरामात. किटलीसाठी गॅस आहे.

कोणत्याही रस्त्यानं गेलात तरी पेटीत आधी 16 अँपिअरची डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी, एमसीबी हवी. आपल्याकडे सॉकेटमध्ये समोरून बघताना वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असायला हवं, पण उलटं सर्रास सापडतं. सिंगल पोल असेल तर उलट्या सॉकेटवर ती न्यूट्रल तोडते आणि बंद केलेली गाडी जिवंत राहते. एमसीबीनंतर आरसीसीबी, आणि नंतर डीआयएन पट्टीवर (एमसीबी बसते ती धातूची पट्टी) बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज फार वर किंवा खाली गेलं की तोडणारा. वरची मर्यादा 260, खालची 180, परत चालू व्हायला तीन मिनिटं, म्हणजे कॉम्प्रेसरला दम घेता येतो. आरसीसीबी ए टाइपची घ्या. चार्जरसारख्या उपकरणांच्या गळतीत डीसीचे तुकडे असतात आणि साधी एसी टाइप तिथे आंधळी होऊ शकते.


रानवाटा

छोटा प्रश्न. ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला लाइट गेली, मालकांनी पोर्टेबल जनरेटर लावला. टेस्टर दोन्ही भोकांत मंद पेटत होता. तो सॉकेट खराब होता का?


जांभा

नाही, बहुतेक छोट्या जनरेटरांचा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो, तरंगता असतो. दोन्ही वायरी जमिनीपासून शंभर-सव्वाशेवर असतात म्हणून दोन्हीकडे टेस्टर पेटतो. अशा पुरवठ्यावर जमिनीत गळती होऊन करंट परत जनरेटरकडे जायला वाट नसते, त्यामुळे आरसीसीबीकडून फार अपेक्षा ठेवू नका. आणखी एक, छोटा जनरेटर कमी लोडवर आणि चेंजओव्हरच्या, म्हणजे लाइटवरून जनरेटरवर जाण्याच्या, क्षणी व्होल्टेज उडवतो. लाइट गेली की गाडीची वायर पेटीतून काढून ठेवा, जनरेटर स्थिरावला की रिलेवरचा आकडा बघून मगच परत जोडा. एका रात्रीचा प्रश्न असेल तर बॅटरीवरच राहा.


भटकी_गाडी

जांभाकाका, तुमचं पहिलं उत्तर मुलीला वाचून दाखवलं. करंट कसा फिरला याचं चित्र तिनं वहीत काढलं आणि विचारलं, "म्हणजे बाबा, हिरवी वायर चांगली होती, पण तिला चुकीच्या माणसाशी बांधलं होतं?" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

दुसरा रस्ता घेतला. पेटी तयार झाली, पाणी न शिरणारा प्लास्टिकचा डबा, आत जांभाकाकांनी सांगितलं तेच, त्याच क्रमानं. गाडीच्या बाजूला निळा इंडस्ट्रियल प्लग, त्यावर फक्त चार्जर. वायर तीन कोअर, अडीच स्क्वेअर एमएम, 15 मीटर. रीळावर गुंडाळलेली ठेवायची नाही, सगळी सोडायची, नाहीतर आतल्या आत तापते. पेटी सॉकेटच्या टोकाला लटकते, गाडीच्या टोकाला नाही, म्हणजे वायर कुठे सोलली गेली तरी ती आरसीसीबीच्या पुढे असते.

पोचल्यावरचा आमचा क्रम आता ठरला आहे. उजेड असतानाच मालकांची परवानगी घेऊन सॉकेट बघतो : काळा पडलाय का, आत मुंग्या किंवा पालीची अंडी आहेत का. मग पेटी लावून गाडी न जोडता व्होल्टेज बघतो. मग किटली थेट पेटीवर. गेल्या आठवड्यात दाभोळच्या तरीनं धोपाव्याला उतरून एका वाडीत थांबलो होतो. बिनलोड 225, किटलीवर 195. म्हणजे साडेपाच अँपिअरला 30 व्होल्ट वाटेत पडले, 165 वॉट उष्णता वायरीत आणि जॉइंटांत कुठेतरी जळत होती. मालक काकूंना आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, "तरीच तो प्लग गरम होतो, मिक्सर लावला की." आम्ही त्या रात्री काही जोडलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला, मागच्या भिंतीवरचा जॉइंट पूर्ण करपलेला सापडला.

एक सगळ्यांनी घरच्यांना सांगून ठेवा. कोणी चिकटलं तर आधी मेन पाडायचा किंवा कोरड्या लाकडानं वायर दूर करायची, माणसाला हात लावायचा नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब सुरू करायचा आणि दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा. शॉक बसून माणूस बोलत असला तरी इसीजी काढून घ्यायचा.


शिडाची_होडी

मित्राला फोन केला. त्यानं पिन टॉप बदलला. तो म्हणाला, दाराला झिणझिण्या यायच्या, पण त्याला वाटायचं खाऱ्या हवेमुळे असेल.


पोफळवाडी

काम झालं, म्हणून कळवतो. दोन पॉइंट नवे केले. प्रत्येकाला स्वतंत्र ए टाइप आरसीसीबी, डबल पोल एमसीबी, झाकणाचा निळा सॉकेट, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर म्हणजे पावसाचे शिंतोडे उडणार नाहीत. पिट हौदाच्या सांडपाण्याच्या वाटेवर घेतला. वायरमनच्या अर्थ टेस्टरवर मेच्या शेवटी 11 ओहम आले. पंपाला वेगळी वायर दिली. मेन बोर्डातही व्होल्टेज रिले बसवून घेतला, सुरूबन यांचं वाचून.

किटली लावून मोजलं : पहिला पॉइंट 228 वरून 222, न्यूट्रल-अर्थ 2.1. दुसरा 228 वरून 221, न्यूट्रल-अर्थ 2.6. हे आकडे आणि तारीख खडूनं सॉकेटच्या झाकणाच्या आत लिहिले आहेत, दर दोन महिन्यांनी बायको नवे लिहिणार आहे. येणाऱ्यानं आपल्या मीटरनं ताडून बघावेत.

तिसऱ्या पॉइंटची वायर जुनी आहे, ती पाऊस संपल्यावर बदलेन. तोवर त्यात लाकडाची खुंटी ठोकून ठेवली आहे.


भटकी_गाडी

दसऱ्यानंतर येतोय. दुसरा पॉइंट आमच्यासाठी ठेवा. मीटर मुलगी लावणार आहे.